उरलेला अर्धा टक्का: वितळवायचे क्षार शुद्ध कसे करावेत

पोत्यावर ‘९९.५ टक्के’ छापलेलं असतं. वितळलेल्या क्षारांच्या कामात तो आकडा फारसा उपयोगी पडत नाही. उरलेला अर्धा टक्का कशाचा आहे, यावर उष्णता साठवायची टाकी वीस वर्षं टिकणार की पहिल्याच वितळणीत पिवळा-तपकिरी धूर निघणार हे ठरतं. अर्धा टक्का सोडियम सल्फेट असेल तर चालून जातं. तेवढाच मॅग्नेशियम नायट्रेट असेल तर डोकेदुखी, आणि तेवढाच अमोनियम नायट्रेट असेल तर ते पोतं भट्टीजवळ आणूच नये.

इथे मुख्य रीत दिली आहे ती ५ किलो सोलर सॉल्टच्या बॅचची. गंज-चाचणीच्या कुपन्सना (धातूच्या छोट्या पट्ट्यांना) किंवा छोट्या उष्णता-साठवण रिगला एवढं पुरतं. मग क्लोराइड आणि शेवटी अणुभट्टीसाठीचे फ्लोराइड. वडोदऱ्यात काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण इथला पावसाळा हा या रेसिपीतला न विचारता आलेला घटक आहे.

सोलर सॉल्ट म्हणजे वजनाने ६० भाग सोडियम नायट्रेट आणि ४० भाग पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा. सौर औष्णिक प्रकल्पांत हे मिश्रण २९० ते ५६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान फिरवतात. तेवढ्या फरकात एक टन क्षार सुमारे ११५ युनिट उष्णता धरतो. स्पेनमधल्या अंदासोल प्रकल्पात एकेका संचाला सुमारे २८,५०० टन क्षार लागला. आता हिशोब करा: एवढ्या मालात मॅग्नेशियम फक्त ०.०५ टक्के असतं, तर ते १४ टन झालं असतं आणि पहिल्या वितळणीत त्यातून सुमारे ५४ टन नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडला असता. शुद्धतेचा आग्रह चोखंदळपणासाठी धरत नाहीत.

माल घेताना

सोडियम नायट्रेटसाठी वडोदऱ्याला फार लांब जावं लागत नाही. नंदेसरीत दीपक नायट्राइटचा कारखाना सोडियम नायट्राइट आणि नायट्रेट बनवतो. माल कुणाचाही घ्या, विक्रेत्याकडे बॅचचं विश्लेषण मागा आणि त्यात क्लोराइड, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, कार्बोनेट आणि न विरघळणारा गाळ हे सहा आकडे आहेत का ते पाहा. नुसतं ‘अ‍ॅसे’, म्हणजे मुख्य क्षार किती टक्के एवढंच, लिहिलेलं प्रमाणपत्र या कामाला निरुपयोगी. माल खाणीतला असेल, म्हणजे चिलीतल्या वाळवंटाचा, तर परक्लोरेट आणि आयोडेटही विचारा. रासायनिक पद्धतीने बनवलेल्या मालात ते सहसा नसतात.

सोऱ्याच्या बाबतीत मोह होतो तो खताच्या दुकानातल्या १३-०-४५ चा, म्हणजे खत म्हणून विकल्या जाणाऱ्या सोऱ्याचा. स्वस्त असतो, लगेच मिळतो. पण खताच्या दाण्यांवर ढेकळं होऊ नयेत म्हणून कधीकधी सेंद्रिय लेप असतो, आणि सेंद्रिय पदार्थ अधिक वितळलेला नायट्रेट म्हणजे फटाक्यातली दारूच. त्यातून सोरा अमोनियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइडच्या अदलाबदलीतून बनवलेला असेल तर दोन्हींचे अवशेष आत राहतात. अमोनियम आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात: चमचाभर सोरा थोड्या पाण्यात विरघळवा, कॉस्टिक सोड्याचे दोन दाणे टाका, कोमट करा आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. कागद निळा झाला की ते पोतं परत.

सोरा पुन्हा स्फटिकवा, सोडियम नायट्रेट मात्र गाळा

दोन्ही क्षारांना एकच रीत लावणं ही सर्रास होणारी चूक. सोऱ्याची विद्राव्यता तापमानाबरोबर प्रचंड बदलते: १०० ग्रॅम पाण्यात ८० अंशांना १६९ ग्रॅम, १० अंशांना फक्त २१ ग्रॅम. म्हणून तो पुन्हा स्फटिकवायला उत्तम. सोडियम नायट्रेट त्याच दोन तापमानांना १४८ आणि ८० ग्रॅम विरघळतो, म्हणजे थंड करून निम्मासुद्धा हाती लागत नाही.

सोऱ्यासाठी २.४ किलो माल १.५ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ८० ते ८५ अंशांना विरघळवा, गरमच गाळा आणि ढवळत थंड करा. ढवळणं थांबवू नका. मोठे, देखणे स्फटिक पोटात मदर लिकर (स्फटिकांभोवती उरलेलं द्रावण) कोंडून ठेवतात आणि काढायची ती घाण त्या पाण्यातच असते. थंड करायला बर्फ लागेलच: मे महिन्यात वडोदऱ्यात नळाचं पाणीच तिशीच्या वर असतं, आणि ३० अंशांवर थांबलात तर १.५ लिटरमध्ये जवळजवळ ७०० ग्रॅम सोरा विरघळलेलाच राहतो. १० अंशांपर्यंत आणलंत तर सुमारे ३०० ग्रॅमच जातो. निर्वात गाळणीवर ओढून २०० मिली बर्फगार पाण्याने एकदाच धुवा. २ किलोपेक्षा किंचित जास्त मिळतो, तेवढाच हवा आहे.

सोडियम नायट्रेटमधून आधी मॅग्नेशियम काढायचं. ४.५ किलो माल ३.५ लिटर पाण्यात ८० अंशांना विरघळवा आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं (कॉस्टिकचं) द्रावण थोडं थोडं घालत पीएच ११ पर्यंत न्या. मॅग्नेशियम ०.०५ टक्के असेल तर त्याला साधारण ७.५ ग्रॅम कॉस्टिक लागतं, वर पीएच चढवायला थोडं. इतक्या दाट आणि गरम द्रावणात पीएच मीटर खोटं बोलतो. एक मिली काढून दहा मिली करा, थंड करा, मग कागद लावा. तासभर ८० अंशांवर ठेवलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ताकातल्या कण्यांसारखा गोळा होतो. तो चिकट असतो आणि बारीक गाळणकागद पाच मिनिटांत बुजवतो. एक मायक्रॉनची पॉलिप्रोपिलीनची पिशवी किंवा सेलाइटचा (गाळायच्या मातीच्या पुडीचा) थर वापरा आणि फनेल आधी गरम करून घ्या, नाहीतर नळीतच स्फटिक धरतात.

गाळल्यावर सौम्य नायट्रिक आम्लाने पीएच ७ करा. इथे पुष्कळ जण घाई करतात आणि सगळं पाणी उडवून पांढरी पूड काढतात. तसं केलं तर मॅग्नेशियम गेलं, पण क्लोराइड आणि सल्फेट जसेच्या तसे परत आले. पातेलं काट्यावर ठेवून १.९ लिटर पाणी उडेपर्यंतच आटवा, म्हणजे द्रावणाचं वजन आठ किलोवरून सुमारे ६.१ किलोवर येईल. मग १० अंशांपर्यंत थंड करा, गाळा, २०० मिली बर्फगार पाण्याने धुवा आणि मदर लिकर बाजूला काढा. तीन किलोच्या वर स्फटिक मिळतात. मदर लिकर टाकून देऊ नका, पुढच्या बॅचच्या विरघळवणीत दोनदा वापरता येतो. तिसऱ्यांदा नको, तोवर क्लोराइड साचलेला असतो.

वाळवणं

ओव्हनमध्ये टाकण्याआधी स्फटिक खलात मोडा. न मोडलेले स्फटिक १२० अंशांना वरून कोरडे खडखडीत दिसतात आणि पुढे भांड्यात फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडतात, कारण आत कोंडलेलं पाणी तेव्हा वाट काढतं. २ सेंमीपेक्षा जाड थर नको, १२० अंशांना २४ तास. दोन तासांच्या अंतराने दोनदा वजन करा. किलोमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फरक पडला की झालं. ट्रेखाली कागद घालू नका. लाकडी उलथनंही नको, स्टीलचं घ्या.

भांडं

३१६ एल स्टेनलेस स्टीलचं, ३ मिमी जाड, आतून १८० मिमी व्यासाचं आणि २६० मिमी उंच. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) कुठल्याही बऱ्या फॅब्रिकेशन शेडमध्ये बनून मिळेल. क्षमता साडेसहा लिटर. ५ किलो मेल्ट (वितळलेला क्षार) ३०० अंशांना २.६ लिटर आणि ५६५ अंशांना २.९ लिटर जागा घेतो, पण सुटी पूड सुरुवातीला त्याच्या दीडपट भरते. झाकणाला चार तोंडं: हवा आत, वायू बाहेर, थर्मोकपल (तापमान मोजायची तार), नमुना. गॅस्केट मायकाचं घ्या. ग्रॅफाइटचं गॅस्केट इतरत्र उत्तम, नायट्रेटवर मात्र ते हळूहळू जळून जातं. टेफ्लॉन २६० अंशांच्या पुढे विसरा.

भांडं नवंच घ्या. हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यातलं जुनं सॉल्ट बाथचं भांडं भंगारात मिळालं तरी घेऊ नका. केस हार्डनिंगच्या (स्टीलचा पृष्ठभाग कडक करायच्या) बाथमध्ये सायनाइड असतं आणि सायनाइड व नायट्रेट गरम अवस्थेत एकत्र आले तर स्फोट होतो. नवं भांडंही अ‍ॅसिटोनने पुसून, रिकामंच ४०० अंशांना तासभर तापवून मशिनचं तेल जाळून टाका. त्यात पहिली एक किलोची बॅच २४ तास ४०० अंशांना ठेवून फेकून द्या. वेल्डमधून सुटणारं सगळं तिच्यात जातं.

वितळवणं

३,००० ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि २,००० ग्रॅम सोरा कोरड्या डब्यात दहा मिनिटं गोल फिरवून मिसळा आणि भांड्यात भरा. मिनिटाला २ ते ३ अंशांनी १५० पर्यंत चढवा आणि कोरडी हवा वरून सोडत दोन तास थांबा. मग मिनिटाला एक अंशाने २६० पर्यंत. इथली घाई महागात पडते: वरचा थर वितळून खाली अजून ओलसर पूड दबलेली असेल तर वाफ मेल्टसकट वर उसळते. २६० च्या वर सगळं पातळ झालं की ३०० वर न्या, ढवळा, आणि मग ४०० वर.

भट्टी २ किलोवॅटची पुरे. ५ किलो क्षार ४०० पर्यंत न्यायला एक युनिटसुद्धा वीज लागत नाही, बाकीची भट्टीच्या भिंती खातात. नियंत्रणासाठी एक आणि निव्वळ तोडण्यासाठी दुसरं, अशी दोन थर्मोकपल ठेवा. दुसरं ४५० ला वीज तोडेल असं लावा. ६०० च्या पुढे नायट्रेट ऑक्साइडपर्यंत मोडू लागतो आणि मेल्ट भांड्यालाच खायला उठतो.

४०० अंशांवर आठ तास मेल्टमधून कोरडी हवा बुडबुडवा, मिनिटाला अर्धा लिटर. ही हवा आधी सिलिका जेलमधून आणि मग सोडा लाइममधून न्या. सोडा लाइमला लोक टाळाटाळ करतात, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड मेल्टमधल्या ऑक्साइडशी मिळून कार्बोनेट बनवतो आणि तो मग निघत नाही. या आठ तासांत दोन गोष्टी होतात. उरलंसुरलं मॅग्नेशियम नायट्रेट मोडून मॅग्नेशियम ऑक्साइड तळाला जातं आणि तपकिरी वायू निघतो. शिवाय नायट्रेट तापून बनणारं नायट्राइट हवेतल्या प्राणवायूमुळे दबून राहतं.

बाहेर पडणारा वायू आधी एका रिकाम्या बाटलीतून आणि मगच १० टक्के कॉस्टिकच्या दोन बाटल्यांतून न्या, शेवटी फ्यूम हूड (धूर ओढून घेणारं कपाट). रिकामी बाटली शोभेची नाही. वीज गेली, भट्टी थंड व्हायला लागली, भांड्यातला वायू आकसला की कॉस्टिकचं पाणी नळीतून मागे खेचलं जातं. ते पाणी ४०० अंशांच्या क्षारात पडलं तर क्षणात वाफ होऊन सगळा मेल्ट खोलीभर उडतो. रिकामी बाटली ते पाणी झेलते. तिची क्षमता दोन्ही कॉस्टिक बाटल्यांमधल्या पाण्याहून जास्त हवी.

बाहेरच्या नळीच्या तोंडाशी ओला स्टार्च-आयोडाइड कागद अर्धा तास धरून निळा झाला नाही, म्हणजे मॅग्नेशियमचं काम संपलं.

भट्टीजवळ काय नको

थोडक्यात: जे जळतं ते सगळं. कोळसा, लाकडी भुसा, चिंध्या, तेल, साखर, कागदी पिशवी. ग्रॅफाइटचं क्रुसिबल तर अजिबात नाही; सोरा आणि कोळसा एकत्र म्हणजे काय होतं हे दिवाळीत सगळ्यांनी पाहिलं आहे. अ‍ॅल्युमिनियमचा चमचा, मॅग्नेशियमची पट्टी, अमोनियमचा कोणताही क्षार हेही नको. नायट्रेटचे शिंतोडे उडालेला सुती एप्रन वाळला की काडीसारखा पेटतो, म्हणून रोज धुवा. आग लागली तर कार्बन डायऑक्साइडची नळकांडी उपयोगाची नाहीत, कारण प्राणवायू क्षाराच्याच पोटात आहे. कोरडी वाळू हाताशी ठेवा, आणि मेल्टवर पाणी कधीही नाही.

भट्टीखालची जमीनही बघून घ्या. काँक्रीटवर मेल्ट सांडला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन कपचे उडतात. खाली स्टीलचा कोरडा ट्रे हवा.

निवळणं, ओतणं

तापमान ३०० वर उतरवा, हवा बंद करा आणि भांडं आठ तास हलवू नका. वरचे नऊ दशांश निथळून घ्या, तळाचा दशांश वेगळा. तळाशी मॅग्नेशियम ऑक्साइड आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा गाळ असतो. शेवटचा पाव किलो वाचवायच्या नादात तो वर आणला की आठ तास फुकट. २०० अंशांना तापवलेल्या कोरड्या स्टीलच्या ट्रेत १५ ते २० मिमी जाडीच्या वड्या ओता. थंड ट्रेवर ओतलं तर शिंतोडे उडतात, ट्रे वाकतो.

मेल्ट भांड्यातच गोठवायची वेळ आली तर पुन्हा वितळवताना वरून तापवा. सोडियम नायट्रेट वितळताना सुमारे १० टक्के फुगतो, सोरा ३ टक्क्यांच्या आसपास. खालून आधी वितळलं आणि वर गोठलेल्या क्षाराचं टोपण घट्ट असलं तर त्या फुगण्याला जागा नाही. वेल्ड उलतो किंवा टोपण फोडून मेल्ट कारंज्यासारखा उडतो. साधा उपाय: गोठण्याआधी मध्यभागी निमुळती स्टीलची सळई उभी करायची आणि घट्ट झाल्यावर उपटायची. त्या भोकातून वाट राहते.

चांगला झाला का, कसं ओळखायचं

डीएससी (वितळण्याचं तापमान मोजणारं उष्णतामापी यंत्र) असेल तर बरं. नसेल तर गोठण्याचा आलेख काढा. थर्मोकपल मेल्टच्या मध्यावर ठेवून ३०० वरून मिनिटाला एक अंशाने उतरवा. २४० च्या आसपास पहिली मोड आणि २२० च्या आसपास सपाट टप्पा दिसला पाहिजे. हे दोन्ही सरळ ८-१० अंशांनी खाली सरकले असतील तर ओलावा, नायट्राइट किंवा चुकलेलं वजन यांपैकी काहीतरी आहे.

रंग बघा, पण गरम मेल्टचा नको, तो चांगला असला तरी पिवळसरच दिसतो. १० ग्रॅम वडी १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. पाणी पिवळं राहिलं तर तो क्रोमेट, म्हणजे भांड्याचं क्रोमियम मेल्टमध्ये उतरलं. असं द्रावण हातमोज्यांशिवाय हाताळू नका, सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. पाणी ढगाळ असेल तर निवळणीत घाई झाली. पीएच ८ च्या वर गेला तर ऑक्साइड किंवा कार्बोनेट.

क्लोराइडसाठी हेच द्रावण दहापट सौम्य करा, थोडं नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट घाला. शेजारी प्रमाण द्रावण ठेवा: एका लिटरमध्ये ८२.४ मिलिग्रॅम सोडियम क्लोराइड, तेही दहापट सौम्य केलेलं. दोघांचा ढग सारखा आला तर तुमच्या क्षारात क्लोराइड ०.०५ टक्के आहे. सौम्य न करता केलं तर दोन्ही नळ्या दुधासारख्या दिसतात आणि फरक कळत नाही. क्लोराइडवर एवढा जोर यासाठी, की तो स्टीलवरच्या संरक्षक ऑक्साइडच्या थरात फटी पाडतो आणि गंज त्या फटींतून आत जात राहतो. ०.०५ च्या खाली ठेवा; गंज-चाचणीसाठी असेल तर ०.०१ गाठायचा प्रयत्न करा, नाहीतर कुपनवर जे दिसेल ते स्टीलचं की तुमच्या क्षाराचं हे सांगता येणार नाही.

पावसाळा

२५ अंशांना हवेतली आर्द्रता ७४ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतो. सोऱ्याला ९२ टक्के लागतात, म्हणून सोरा शांत बसतो आणि शेजारचं पोतं ओघळतं. जुलै-ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात ७४ ही रोजची गोष्ट. वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा आणि वजन-मिसळणी दुपारी, डिह्युमिडिफायर लावलेल्या खोलीत करा. रात्रभर उघडं राहिलेलं पोतं पुन्हा वाळवल्याशिवाय भट्टीत घालू नका. कच्चा माल तळमजल्यावर नको. विश्वामित्री नदी चढली की काय होतं हे या शहरात कुणाला सांगायला नको, आणि विरघळलेला नायट्रेट पुढे विहिरीत जातो.

क्लोराइड: इथे नियम उलटतात

५६५ च्या पुढे, ७०० अंशांच्या साठवणीसाठी मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सोडियम क्लोराइडचं मिश्रण वापरायचा प्रयत्न चालू आहे. ते ३८५ अंशांच्या आसपास वितळतं आणि नायट्रेटसारखं मोडत नाही. पण आता हवा शत्रू. नायट्रेटला कोरडी हवा बुडबुडवत होतो, इथे कोरडा आर्गॉन आणि ओलावा-प्राणवायू एक पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली असलेला ग्लव्हबॉक्स, म्हणजे हातमोजे बसवलेली बंद पेटी. ग्रॅफाइट आणि ग्लासी कार्बन (काचेसारखा घट्ट कार्बन) इथे चालतात. म्हणून नायट्रेटची आणि क्लोराइडची अवजारं वेगळी ठेवा, एकावर लाल पट्टी, दुसऱ्यावर निळी; मॅग्नेशियम धातू लागलेला चिमटा नायट्रेटमध्ये गेला तर परिणाम भीषण.

सगळी अडचण मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्याची आहे. बाजारात मिळणाऱ्या पाणीदार रूपात निम्म्याहून जास्त, ५३ टक्के, वजन पाण्याचंच असतं. ते झपाट्याने तापवलं की पाणी नुसतं उडत नाही, क्लोरीनची जागा घेतं: हायड्रोजन क्लोराइड निघून जातो आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्सीक्लोराइड मागे राहतं. हेच द्रव्य मेल्टमध्ये विरघळून स्टीलचं क्रोमियम खातं. शक्य असेल तर निर्जल रूपच घ्या, डबा ग्लव्हबॉक्समध्येच फोडा. मोकळ्या हवेत ३३ टक्के आर्द्रतेलाही ते पाणी पितं, म्हणजे वडोदऱ्यात डिसेंबरच्या दुपारीसुद्धा.

तिन्ही क्लोराइड आधी मिसळा, मग वाळवा. पोटॅशियम क्लोराइडसोबत असताना मॅग्नेशियम क्लोराइड पाण्यामुळे कमी मोडतं. निर्वातात ११० ते १२० अंशांना बारा तास, मग वाहत्या आर्गॉनमध्ये १८०, २४० आणि ३०० ला प्रत्येकी तीन तास, मग मिनिटाला ५ अंशांनी ५०० पर्यंत. बाहेरचा वायू आम्ल असतो. कॉस्टिकची बाटली इथेही, आणि रिकामी बाटलीही.

आता उरलेलं हायड्रॉक्सीक्लोराइड मारायला मॅग्नेशियम धातू. किलोभर मेल्टमध्ये ते अर्धा टक्का असेल तर हिशोबाने ०.८ ग्रॅम धातू पुरतो. प्रत्यक्षात १० ग्रॅम घाला, कारण धातू घन असतो आणि फक्त पृष्ठभागावर काम करतो. तापमान ६०० ठेवा. ६५० ला मॅग्नेशियम वितळतं, हलकं असल्यामुळे वर तरंगतं, आणि निकेलचे मिश्रधातू त्या वितळलेल्या मॅग्नेशियममध्ये सहज विरघळतात. सहा तास ढवळा. या विक्रियेत हायड्रोजन निघतो, वाट मोकळी ठेवा. बनलेलं मॅग्नेशियम ऑक्साइड तळाला बसलं की वरचा स्वच्छ भाग घ्या.

फ्लोराइड आणि अणुभट्टी

अणुभट्टीत ‘शुद्ध’ हा शब्द आणखी एक अर्थ घेतो: न्यूट्रॉन कोण खातो. अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रायोगिक अणुभट्टीने १९६५ ते १९६९ लिथियम, बेरिलियम, झिर्कोनियम आणि युरेनियमच्या फ्लोराइडवर काम केलं. त्यातलं लिथियम ९९.९९ टक्के लिथियम-७ होतं. निसर्गातल्या लिथियममध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास लिथियम-६ असतं. ते न्यूट्रॉन गिळतं आणि वर ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) बनवतं. बोरॉन, कॅडमियम, गॅडोलिनियम यांचे तर पीपीएमही मोजावे लागतात. पायरेक्सच्या भांड्यात बोरॉन असतं, हे नमुना घेताना विसरतं माणूस. क्लोराइडवर चालणाऱ्या जलद (वेगवान न्यूट्रॉनच्या) भट्ट्यांत हीच गोष्ट क्लोरीन-३५ ची: ते न्यूट्रॉन घेऊन क्लोरीन-३६ होतं आणि त्याचं अर्धायुष्य तीन लाख वर्षांचं.

ऑक्सिजनचं दुखणं इथेही आहे, फक्त परिणाम वेगळा. ऑक्साइड जास्त झाला की युरेनियम डायऑक्साइड मेल्टमधून खाली बसतो, म्हणजे इंधन नको तिथे गोळा होतं. म्हणूनच ओक रिजच्या क्षारात (वजनाने नव्हे, मोलच्या हिशोबाने) पाच टक्के झिर्कोनियम फ्लोराइड होता: ऑक्साइड आला तर आधी झिर्कोनियम त्याला धरून बसेल. शुद्धीकरणासाठी वितळलेल्या क्षारातून हायड्रोजन फ्लोराइड आणि हायड्रोजनचं मिश्रण बुडबुडवत. ऑक्साइड पाणी होऊन निघे, गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन, आणि शेवटी नुसत्या हायड्रोजनने निकेल आणि लोखंड धातुरूपात खाली पडे. क्रोमियम हायड्रोजनला दाद देत नाही, त्याला बेरिलियम किंवा झिर्कोनियम धातू लागतो.

हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायचं नाही. हायड्रोजन फ्लोराइड त्वचेतून आत जाऊन कॅल्शियम ओढतो आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. आपल्याकडे थोरियमवर चालणाऱ्या वितळलेल्या क्षाराच्या भट्टीचा अभ्यास भाभा अणुसंशोधन केंद्रात होतो, तिथे त्यासाठीची सोय आहे.

गंजाचा किंवा उष्णतावहनाचा अभ्यासच करायचा असेल तर बेरिलियम नसलेलं फ्लिनाक घ्या: एका किलोला लिथियम फ्लोराइड २९२ ग्रॅम, सोडियम फ्लोराइड ११७ आणि पोटॅशियम फ्लोराइड ५९१. ४५४ अंशांना वितळतं. भांडं निकेलचं किंवा ग्लासी कार्बनचं, वर आर्गॉन. काच आणि सिलिका अजिबात नाही, फ्लोराइड ते विरघळवतं. तिघांत लिथियम आणि सोडियम फ्लोराइड गुणी आहेत, ४०० अंशांना एका रात्रीत वाळतात. सगळा त्रास पोटॅशियम फ्लोराइडचा, आणि नेमका तोच सर्वांत जास्त लागतो. तो निर्वातात आधी ६० अंशांना, मग १२०, मग ३०० असा दोन दिवस घेऊन वाळवा. सरळ ३०० ला टाकला तर स्वतःच्याच पाण्यात विरघळून ट्रेला चिकटतो. वाळल्यावर ग्लव्हबॉक्समध्ये एक ग्रॅम काढून बाहेरच्या काट्यावर उघडा ठेवा. आकडा डोळ्यांदेखत चढताना दिसला तर माल खरंच कोरडा होता.